तान्ह्या हृदयाचा बिघडलेला ताल

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचे हृदय जेमतेम वीस ग्रॅम वजनाचे असते आणि ते मिनिटाला साधारण १०० ते १६० वेळा आकुंचन पावते. बाळ रडू लागले, त्याला ताप आला किंवा ते भुकेने कासावीस झाले की हाच वेग २०० च्या आसपास जातो आणि तरीही त्यात आजार असा काही नसतो. प्रौढ माणसात जी गती पाहून डॉक्टर तातडीने धावतील ती तान्ह्या बाळात निरोगीपणाची खूण असू शकते, आणि म्हणूनच अर्भकांच्या हृदयतालाच्या विकारांचा विचार नुसते ठोके मोजून करता येत नाही. ठोका कोठे उत्पन्न झाला, तो कोणत्या वाटेने खाली उतरला आणि त्या वाटेवर त्याला अडथळा आला की आडवाट सापडली, हे समजल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही. एका तालावर जीव वाचवणारे औषध दुसऱ्यावर निरुपयोगी आणि तिसऱ्यावर घातक ठरावे, अशी उदाहरणे या शाखेत पावलोपावली भेटतात. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो, जो प्रौढांच्या बाबतीत सहसा पडत नाही: बाळ वाढत जाईल तसा हा विकार आपोआप मावळणार आहे, की वाढीबरोबर तोही टिकून राहणार आहे?

निरोगी हृदयात विद्युत्‌संदेश उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीतील सायनस नोड या पेशीसमूहात उगम पावतो, दोन्ही अलिंदांत पसरतो, अलिंद आणि निलय यांच्या सीमेवरील एव्ही नोडपाशी येऊन क्षणभर रेंगाळतो आणि मग हिसचा जुडगा व पर्किंजे तंतू यांच्या जाळ्यातून निलयांत, म्हणजे रक्त शरीराकडे व फुप्फुसांकडे ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यांत पोचतो. हा मार्ग संशोधकांना तुकड्यातुकड्यांनी आणि बहुतांशी उलट्या क्रमाने सापडला: पर्किंजे तंतू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हिसचा जुडगा १८९३ मध्ये, एव्ही नोड १९०६ मध्ये जपानी शरीरशास्त्रज्ञ सुनाओ तवारा यांच्या अभ्यासातून, आणि सर्व ठोक्यांचे मूळ असलेला सायनस नोड सर्वांत शेवटी, १९०७ मध्ये, आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांच्या हाती लागला. याच सुमारास विलेम आइंटहोव्हेन यांच्या यंत्राने हृदयातील विद्युत्‌प्रवाह कागदावर उमटवता येऊ लागले, आणि ज्याला आज आपण ईसीजी म्हणतो तो आलेख तेव्हापासून तालविकारांच्या निदानाचा पाया राहिला आहे.

अलिंद आणि निलय यांच्यामध्ये तंतुमय ऊतीचे एक कडे असते आणि ते विजेला अडवते, त्यामुळे वरून खाली जाण्याचा अधिकृत रस्ता एव्ही नोडमधून जाणारा एवढाच उरतो. गर्भावस्थेच्या आरंभी मात्र हे कडे अपुरे असते आणि दोन्ही कप्प्यांचे स्नायू ठिकठिकाणी एकमेकांना जोडलेले असतात. कडे पक्के होत जाते तसे हे जोड तुटत जातात. एखादा जोड तसाच राहून गेला तर जन्मानंतर हृदयात एक जादा वाट उरते. मग एव्ही नोडमधून खाली उतरलेला संदेश या वाटेने पुन्हा अलिंदात चढतो, तेथून परत एव्ही नोडमध्ये शिरतो आणि घाण्याच्या बैलासारखा त्याच वर्तुळात फिरत राहतो; प्रत्येक फेरीला निलयांचा एक ठोका पडतो आणि वेग मिनिटाला २२० ते ३०० पर्यंत जाऊन स्थिरावतो. याला सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, संक्षेपाने एसव्हीटी, म्हणजे निलयांच्या वरच्या भागातून चालवली जाणारी अतिजलद गती, असे नाव आहे. दर २५० ते १,००० मुलांमागे एका मुलात ती आढळते असा अंदाज नेहमी दिला जातो, त्यामुळे तिला दुर्मीळ म्हणणे थोडे अवघड आहे. परंतु खऱ्या अर्थाने दुर्मीळ असलेले विकार ओळखायचे तर ते एसव्हीटीपासून वेगळे काढूनच ओळखावे लागतात, म्हणून तिची ओळख आधी करून घेणे भाग आहे.

मिनिटाला २८० ठोके पडत असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग येतो, आणि तेवढ्या वेळात निलय धड भरतही नाहीत. अर्भकाला याची तक्रार करता येत नाही. ते दुधाला तोंड लावत नाही, लावले तरी चार घोटांत दमते, त्याच्या कपाळावर घाम सुटतो, अंग फिकट आणि गार पडते, श्वास जलद होतो. घरात त्याचा अर्थ पोट दुखण्यापासून दृष्ट लागण्यापर्यंत काहीही लावला जाऊ शकतो. पहिले काही तास बाळ हे सोसते, पण एक-दोन दिवस ही गती अखंड चालू राहिली तर हृदय थकून शरीराला रक्त पुरवण्यास असमर्थ ठरू लागते, आणि अशा अवस्थेत रुग्णालयात आलेले बाळ प्रथमदर्शनी जंतुसंसर्गाने खंगलेल्या बाळासारखेच दिसते. फरक ईसीजीवर कळतो: तापाने किंवा रडण्याने वाढलेली गती क्षणोक्षणी थोडी कमी-जास्त होत राहते, तर एसव्हीटीची गती एखाद्या यंत्राने ठरवून दिल्याप्रमाणे एकसारखी असते, अचानक सुरू होते आणि अचानकच थांबते.

ती थांबवण्याचा सर्वांत साधा उपाय बर्फाचा आहे. बर्फ आणि पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी बाळाच्या कपाळावर आणि नाकाच्या वरच्या भागावर, तोंड व नाकपुड्या मोकळ्या ठेवून, दहा-पंधरा सेकंद धरली की पाण्यात बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांत दिसणारी एक उपजत प्रतिक्रिया जागी होते; व्हेगस मज्जातंतूमार्फत एव्ही नोडचे वहन क्षणभर मंदावते आणि वर्तुळात फिरणारा संदेश तेथे अडकून विरतो. हा उपाय रुग्णालयात, ईसीजी चालू ठेवून, प्रशिक्षित हातांनी करायचा असतो, कारण गती तुटल्यावर क्वचित काही क्षण हृदय फारच मंद होते. पूर्वी याच हेतूने डोळ्यांच्या बुबुळांवर दाब देण्याची रीत होती. तिने डोळ्यातील दृष्टिपटलाला इजा होऊ शकते, म्हणून ती आता पूर्णपणे वर्ज्य मानली जाते.

बर्फाने काम झाले नाही तर अ‍ॅडेनोसिन दिले जाते, आणि या औषधाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. शरीरात नैसर्गिकरीत्याही असणारा हा पदार्थ एव्ही नोडला काही सेकंद पूर्ण थांबवतो. रक्तात तो इतक्या झपाट्याने नष्ट होतो की त्याचे अर्धे प्रमाण दहा सेकंदांच्या आत संपते. म्हणून तो हृदयाच्या शक्य तितक्या जवळच्या शिरेतून, बाळाच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, एका झटक्यात द्यावा लागतो आणि त्याच क्षणी मागून सलाइनचा लोंढा सोडावा लागतो. हळू दिलेले अ‍ॅडेनोसिन न दिल्यासारखेच असते. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना श्वास थांबू नये म्हणून कॅफीन दिलेले असते, आणि कॅफीन पेशींवरील नेमकी तीच ग्राहके अडवून बसते ज्यांवर अ‍ॅडेनोसिनला काम करायचे असते. अशा बाळात नेहमीची मात्रा फसली तर औषधाला दोष देण्याआधी हे आठवावे लागते.

अ‍ॅडेनोसिनचे खरे मोल मात्र ते गती थांबवते यापेक्षा ती कशी थांबते किंवा का थांबत नाही हे दाखवते, यात आहे. जादा वाटेची साधी एसव्हीटी त्याने तुटते आणि तुटलेली राहते. अलिंदांचे फ्लटर, म्हणजे एकट्या अलिंदांतच मिनिटाला ३०० ते ५०० च्या वेगाने फिरणारे वर्तुळ, त्याने थांबत नाही. पण एव्ही नोड काही क्षण बंद राहिल्यामुळे निलयांचे ठोके विरळ होतात आणि त्यांच्यामागे लपलेल्या करवतीच्या दातांसारख्या लाटा कागदावर उघड्या पडतात. कायमस्वरूपी चालू राहणारी एक तिसरी गती त्याने थांबते, दोन-चार सामान्य ठोके पडतात आणि ती पुन्हा सुरू होते. आणि जंक्शनल एक्टोपिक टॅकिकार्डिया या चौथ्या गतीवर त्याचा बहुधा काहीच परिणाम होत नाही. म्हणून अ‍ॅडेनोसिन देताना ईसीजीची पट्टी धावती ठेवणे हा नियम आहे, आणि पट्टी न काढता दिलेली मात्रा ही निदानाची वाया घालवलेली संधी म्हणावी लागेल.

बाळ अगदीच खालावलेले असेल तर औषधांत वेळ न दवडता ठोक्याशी मेळ साधून विजेचा हलका धक्का दिला जातो. त्याची ऊर्जा दर किलोमागे अर्धा ते एक ज्यूल एवढीच असते. प्रौढांमध्ये एसव्हीटीसाठी सर्रास वापरले जाणारे व्हेरापामिल मात्र एका वर्षाखालील बाळांना शिरेतून देत नाहीत, कारण त्यानंतर रक्तदाब एकाएकी कोसळून बाळे दगावल्याच्या नोंदी १९८० च्या दशकात पुढे आल्या. कारण बाळाच्या हृदयपेशीच्या रचनेत आहे: प्रौढ हृदयपेशी आकुंचनासाठी लागणारे कॅल्शियम मुख्यतः स्वतःच्या अंतर्गत साठ्यातून काढते, तर अर्भकाच्या पेशीत हा साठा अजून पुरता तयार झालेला नसल्यामुळे तिला बाहेरून आत येणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून राहावे लागते, आणि व्हेरापामिल नेमका तोच दरवाजा बंद करते. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस असे समजून मात्रा वजनाच्या प्रमाणात घटवण्याची पद्धत कोठे तोंडघशी पडते, याचे याहून बोलके उदाहरण सहसा सापडत नाही.

एकदा गती थांबल्यावर ती पुन्हा उद्भवू नये म्हणून पुढचे सहा महिने ते वर्षभर औषध दिले जाते, आणि त्यामागचा आडाखा असा की पहिल्या वर्षात बहुसंख्य बाळांतील जादा वाट निष्क्रिय होत जाते. काही मुलांत ती शाळेच्या वयात पुन्हा डोके वर काढते, परंतु तोवर मूल मोठे झालेले असते आणि उपायही वाढलेले असतात. कोणते औषध चांगले, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डिजॉक्सिन आणि प्रोप्रॅनोलॉल या दोन जुन्या औषधांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे वाटणी करून केलेल्या त्या चाचणीत अनेक केंद्रे मिळूनही अवघी ६१ बाळे जमा होऊ शकली आणि दोन औषधांत ठाम फरक दिसला नाही. एसव्हीटीसारख्या तुलनेने नेहमीच्या विकारात ही स्थिती असेल तर खऱ्याखुऱ्या दुर्मीळ विकारांचे उपचार अनुभवाच्या आणि विखुरलेल्या नोंदींच्या आधाराने का ठरतात, हे वेगळे सांगायला नको.

घरी दिल्या जाणाऱ्या या औषधांचे काही धोके आलेखावर नसून बाळाच्या रोजच्या दुधाशी निगडित असतात. प्रोप्रॅनोलॉल चालू असलेल्या बाळाने उलट्यांमुळे किंवा आजारपणामुळे दूध घेतले नाही तर त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून उपाशी बाळाला ही मात्रा द्यायची नसते. फ्लेकेनाइड या आणखी एका औषधाची तऱ्हा उलटी आहे: दुधामुळे त्याचे शोषण कमी होते, त्यामुळे दुधावर असलेल्या बाळाची मात्रा त्या हिशेबाने बसवलेली असते, आणि जुलाबांमुळे दूध बंद करून नुसते साखरपाणी चालू केले की तेवढीच मात्रा एकाएकी अधिक शोषली जाऊन स्वतःच तालविकार घडवू शकते. आपल्याकडे यांपैकी काही औषधे बाळांसाठी तयार द्रवरूपात सहज मिळत नाहीत आणि गोळी कुटून तिच्या पुड्या बांधून द्याव्या लागतात. पुडीतील औषध प्रत्येक वेळी तेवढेच भरेल याची खात्री मग औषध बनवणाऱ्याच्या हातावर राहते, ही गोष्ट फारशी समाधानाची नाही.

आता वर उल्लेखलेल्या दुर्मीळ गतींकडे वळता येईल. नवजात बाळातील अलिंदांचे फ्लटर दिसायला भयंकर असले तरी स्वभावाने सर्वांत सौम्य आहे: हृदयाची रचना चांगली असेल तर एका धक्क्याने ते थांबते आणि बहुतेक बाळांत पुन्हा कधीच येत नाही. दोन-चार सामान्य ठोक्यांनंतर पुन्हा सुरू होणाऱ्या तिसऱ्या गतीला संक्षेपाने पीजेआरटी म्हणतात. तिचे वर्णन फ्रेंच हृदयतज्ज्ञ फिलिप कुमेल यांनी १९६७ मध्ये केले. तिच्यातही जादा वाट असते, पण ती संदेश फार संथपणे वाहते, त्यामुळे वर्तुळ तुटत नाही आणि वेगही फार चढत नाही. मिनिटाला १८०-२०० ठोके असलेले बाळ आठवडेच्या आठवडे ठीक दिसत राहते आणि मग एके दिवशी त्याचे हृदय फुगलेले व अशक्त झालेले आढळते. अशा बाळाला हृदयस्नायूचाच असाध्य रोग आहे असे निदान होण्याचा धोका खरा असतो. अशक्त हृदयामुळे गती वाढली की वाढलेल्या गतीमुळे हृदय अशक्त झाले, हा प्रश्न जो विचारतो त्याच्या हाती उपाय लागतो, कारण गती आटोक्यात आली की काही आठवड्यांत ते हृदय बहुतांशी पूर्ववत होते.

जंक्शनल एक्टोपिक टॅकिकार्डिया, संक्षेपाने जेईटी, हिचे जन्मजात रूपही १९७६ मध्ये कुमेल यांनीच नोंदवले. तिच्यात वर्तुळ नसते. एव्ही नोड आणि हिसचा जुडगा यांच्या परिसरातील पेशी स्वतःहूनच, सायनस नोडच्या आज्ञेची वाट न पाहता, भराभर संदेश सोडू लागतात. वर्तुळ नसल्यामुळे अ‍ॅडेनोसिन तिला तोडू शकत नाही, आणि विजेचा धक्काही निरुपयोगी ठरतो, कारण धक्का दिल्यानंतर त्या पेशी पुन्हा आपले काम सुरू करतात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासातील २६ बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळे दगावली होती. २००९ मधील ९४ मुलांच्या नोंदीत मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास उतरलेले दिसते. या बदलाचे पुष्कळसे श्रेय अ‍ॅमिओडॅरोन या औषधाला जाते, पण त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आयोडीनचा असल्यामुळे ज्या वयात मेंदूची वाढ थायरॉइडच्या संप्रेरकावर अवलंबून असते त्याच वयात ते थायरॉइडला बिघडवू शकते आणि रक्ताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. अलीकडच्या काळात आयव्हाब्रॅडिन या औषधाने येथे नवी वाट उघडली आहे. ते मुळात प्रौढांच्या छातीदुखीसाठी आणि हृदय निकामी होण्याच्या विकारासाठी, सायनस नोडच्या पेशींना आपोआप ठोका देण्यास प्रवृत्त करणारा विद्युत्‌प्रवाह कमी करण्याच्या हेतूने बनवलेले आहे; तोच प्रवाह जेईटीच्या उच्छृंखल पेशींतही काम करतो हे ध्यानात आल्यावर ते बाळांना देऊन पाहण्यात आले आणि इतर औषधांना न जुमानणारी गतीही त्याने उतरल्याचे अनेक केंद्रांनी नोंदवले.

जेईटीचे दुसरे रूप शस्त्रक्रियेनंतरचे असते. जन्मजात हृदयदोषांच्या, विशेषतः निलयांमधील छिद्र आणि फॅलोचे चतुर्लक्षण यांच्या शस्त्रक्रियेत एव्ही नोडच्या आसपास टाके पडतात, ताण येतो, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत हाच ताल उसळतो. येथे पहिला उपाय औषधाचा नसतो: बाळाला शांत झोपवणे, वेदना कमी करणे, हृदयाला उत्तेजन देणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या औषधांचे प्रमाण जमेल तितके घटवणे, आणि शरीराचे तापमान ३४-३५ अंश सेल्सियसपर्यंत उतरवणे, म्हणजे त्या पेशींचा वेगही उतरतो. अलिंदांना बाहेरून थोड्या अधिक वेगाने ठोके देऊन वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा मेळ पुन्हा बसवणे हाही एक प्रभावी मार्ग आहे. काही दिवस निभावून नेले की ही गती स्वतःहून ओसरते.

मोठ्या मुलांत आणि प्रौढांत अशा बहुतेक विकारांवर कॅथेटर अ‍ॅब्लेशन, म्हणजे मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन दोषी ठिकाण उष्णतेने किंवा थंडीने निकामी करणे, हा कायमचा इलाज आहे, आणि मग तो बाळांतच लगेच का करू नये असे कोणालाही वाटेल. उत्तराचा एक भाग कोकरांवरील प्रयोगांतून १९९० च्या दशकात मिळाला: कोवळ्या हृदयावर केलेले डाग हृदयाबरोबर वाढत जातात आणि मूळ आकारापेक्षा बरेच मोठे होतात. तीन-चार किलोच्या बाळात हृदयधमनी, एव्ही नोड आणि डागायची जागा यांच्यातील अंतर मिलिमीटरांत मोजायचे असते. त्यामुळे साधारणतः पंधरा किलो वजन होईपर्यंत थांबण्याकडे कल असतो आणि त्याआधी हा मार्ग फक्त औषधे हरल्यावर, जिवावर बेतले असतानाच धरला जातो.

अतिजलद गतीच्या नेमके उलट टोक म्हणजे जन्मजात पूर्ण हृदयरोध. यात अलिंदांचा एकही संदेश निलयांपर्यंत पोचत नाही, आणि निलय स्वतःच्या संथ गतीने, मिनिटाला ५० ते ८० ठोके देत राहतात. साधारण १५,००० ते २०,००० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो आणि हृदयाची रचना चांगली असलेल्या बाळांत त्याचे मूळ बहुतेकदा आईच्या रक्तात असते. ल्युपस किंवा शोग्रेन यांसारख्या आत्मप्रतिकारक विकारांत तयार होणारी अँटी-रो आणि अँटी-ला ही प्रतिपिंडे वारेतून गर्भात शिरतात, एव्ही नोडभोवती दाह निर्माण करतात, आणि प्रामुख्याने अठरा ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान तेथील वाहक ऊतीच्या जागी निबर वणाची ऊती तयार होते. अनेक मातांना स्वतःला त्या वेळी काहीच त्रास नसतो. गर्भाचे ठोके मंद का, याचा शोध घेताना आईची रक्ततपासणी होते आणि तिच्या विकाराचा पत्ता बाळामुळे लागतो. ही प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी एक-दोन टक्क्यांच्याच गर्भाला रोध होतो, परंतु एका बाळाला तो झाल्यावर पुढच्या गर्भारपणात ते प्रमाण सोळा-अठरा टक्क्यांवर जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मातांना दहाव्या आठवड्यापूर्वीपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्यावर ते ७.४ टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले. बाळाच्या अंगावर पुरळ आला असेल तर तो आईकडून आलेली प्रतिपिंडे सहा-आठ महिन्यांत नाहीशी झाल्यावर जातो. एव्ही नोडची हानी मात्र भरून येत नाही.

वाढीचा काळ येथे बाळाच्या बाजूने नसतो, आणि ठोके पन्नाशीच्या आसपास उतरले किंवा हृदय थकू लागले की पेसमेकर बसवणे भाग पडते. तान्ह्या बाळाच्या शिरा तारा पेलण्याइतक्या रुंद नसतात, म्हणून छाती उघडून तारा हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टाचतात, वाढीसाठी त्यांना ढील ठेवतात, आणि बॅटरीची डबी छातीऐवजी पोटाच्या स्नायूंखाली ठेवतात. तार कोठे टाचायची याला महत्त्व आहे: डाव्या निलयाच्या टोकाशी टाचलेली तार हृदयाचे आकुंचन दीर्घकाळ सुसूत्र ठेवते, असे युरोप-अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या एकत्रित नोंदींवरून दिसले आहे. अशा मुलाला आयुष्यभरात बॅटरी अनेकदा बदलावी लागते.

आज वृद्धांशी जोडला जाणारा पेसमेकर, निदान त्याचे बॅटरीवर चालणारे रूप, मुलांसाठी जन्माला आले. १९५० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात सी. वॉल्टन लिलेहाय यांनी लहान मुलांच्या निलयांमधील छिद्रे बंद करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या तेव्हा दहातील एखाद्या मुलाचा वाहकमार्ग टाक्यांत सापडून हृदयरोध होत असे, आणि तो बहुधा प्राणघातक ठरे. १९५७ पासून लिलेहाय अशा मुलांच्या हृदयात तार ठेवून बाहेरील यंत्राने ठोके देऊ लागले, पण ते यंत्र भिंतीतील विजेवर चालत होते. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला मिनिआपोलिसमधील वीज गेली आणि एक मूल दगावले, असे अर्ल बॅकन यांनी पुढे सांगितले आहे. विद्यापीठातील उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्या बॅकन यांना लिलेहाय यांनी यावर उपाय विचारला, आणि त्यांनी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापलेल्या, संगीताचा ठेका देणाऱ्या मेट्रोनोमच्या आराखड्यावरून चारेक आठवड्यांत हातात मावणारी, बॅटरीवर चालणारी पेटी तयार केली. शस्त्रक्रियेनंतरच्या रोधापैकी पुष्कळसा आठ-दहा दिवसांत आपोआप निवळतो, म्हणून आजही कायमची डबी बसवण्याआधी निदान आठवडाभर तात्पुरत्या तारांवर वाट पाहिली जाते. या तारा काढताना होणारी इजा टळावी यासाठी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान आणि काम संपल्यावर शरीरातच विरघळून जाणारा पेसमेकर जाहीर केला. तो अजून प्रयोगशाळेच्या टप्प्यावर आहे.

राहता राहिला तो विकार सर्वांत फसवा आहे. लाँग क्यूटी सिंड्रोममध्ये ठोक्यांची गती सामान्य असते, हृदयाची रचना निर्दोष असते, आणि बिघाड असतो तो प्रत्येक ठोक्यानंतर निलयांना पुन्हा सज्ज होण्यास लागणाऱ्या वेळेत. ईसीजीवर क्यू आणि टी या अक्षरांनी दाखवल्या जाणाऱ्या लहरींमधील अंतर त्यामुळे लांबते, आणि या लांबलेल्या काळात अवचित पडलेला एखादा ठोका निलयांना अशा वेड्यावाकड्या थरथरीत ढकलू शकतो की रक्ताभिसरणच थांबते. १९५७ मध्ये नॉर्वेतील येरवेल आणि लांगे-नील्सन यांनी एकाच कुटुंबातील जन्मतः बहिऱ्या मुलांमध्ये त्याचे वर्णन केले. बहिरेपणाविनाचे रूप १९६३-६४ मध्ये इटलीत रोमानो यांनी आणि आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी नोंदवले. पेशीपटलातून पोटॅशियम आणि सोडियम यांची ये-जा नियंत्रित करणाऱ्या जनुकांतील उत्परिवर्तने हे त्याचे कारण असल्याचे १९९० च्या दशकात उलगडले. तान्ह्या बाळात हे अंतर कधी इतके लांबते की अलिंदांच्या दर दुसऱ्या संदेशाच्या वेळी निलय अजून सज्जच झालेले नसतात. मग ठोके निम्मे पडतात आणि हा विकार हृदयरोध म्हणून खपून जातो.

इटलीत पीटर श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून जवळजवळ दोन दशके ३४,००० हून अधिक नवजात बाळांचे ईसीजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले: पुढे झोपेत अकस्मात आणि कारणाशिवाय मरण पावलेल्या २४ बाळांपैकी १२ बाळांचे क्यूटी अंतर लांबलेले होते. यावरून सर्वच नवजातांचे ईसीजी काढावेत का, याबद्दलचा वाद अजून शमलेला नाही, आणि तो शमावा अशी स्थितीही नाही, कारण सीमेवरच्या आकड्यांमुळे निरोगी बाळांचे किती आईवडील विनाकारण भयभीत होतील याचा हिशेब कोणालाच नीट मांडता आलेला नाही. श्वार्ट्झ यांच्याच पुढच्या पाहणीनुसार हा विकार सुमारे २,००० जन्मांमागे एका बाळात असतो. अकस्मात अर्भकमृत्यूंपैकी दहातील एखाद्यामागे तो असावा, असे नॉर्वेतील जनुकीय तपासणीतून दिसले आहे.

उपचाराचा कणा प्रोप्रॅनोलॉल किंवा नाडोलॉल यांसारखे बीटा-रोधक औषध हाच आहे, आणि एसव्हीटीप्रमाणे ते वर्षभराने थांबवायचे नसते, जन्मभर घ्यायचे असते. सोडियमची ये-जा नियंत्रित करणाऱ्या जनुकात दोष असलेल्या बाळांना मेक्सिलेटिनचा उपयोग होतो, औषधांना दाद न देणाऱ्यांत छातीतील डाव्या बाजूचा सिंपथेटिक मज्जातंतू कापला जातो, आणि वारंवार हृदय थांबलेल्या बाळात धक्का देणारे यंत्र बसवण्याचा निर्णय घ्यावा लागतो, जो तीन-चार किलोच्या शरीरात कधीच सोपा नसतो. कॅल्मोड्युलिन या प्रथिनाच्या जनुकांतील दोषही या विकाराला कारण असल्याचे २०१३ मध्ये प्रथम नोंदवले गेले, आणि तो दोष असलेली बाळे या सर्व उपायांनंतरही धोक्यात राहतात. याखेरीज एक साधी खबरदारी घरात आणि गल्लीतील दवाखान्यात घ्यायची असते: क्यूटी अंतर लांबवणारी औषधे अशा बाळाला द्यायची नाहीत, आणि त्यांत बाळाच्या उलटीसाठी आपल्याकडे सहज लिहून दिले जाणारे डॉमपेरिडोन आहे, एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकेही आहेत. निषिद्ध औषधांची यादी म्हणूनच बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवायला सांगतात. दोष आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असण्याची शक्यता मोठी असल्यामुळे बाळाचे निदान झाले की आई, वडील आणि भावंडे या सर्वांचा ईसीजी काढला जातो, आणि घेरी येण्याचा जो प्रकार कुटुंबात वर्षानुवर्षे फेफरे किंवा अशक्तपणा म्हणून सांगितला जात होता त्याचे कारण कित्येकदा याच तपासणीत सापडते.